फौजदारी न्यायालयीन अभिलेख : प्रकटता आणि गोपनीयता

फौजदारी खटल्याच्या ओघात न्यायालयापुढे दाखल होणारी, न्यायालयाने स्वतः तयार केलेली आणि खटला संपल्यावर त्याच्या अभिलेख-कक्षात जतन होणारी कागदपत्रे म्हणजे त्या खटल्याचा अभिलेख होय. प्रथम खबरी अहवाल, पंचनामे, दोषारोपपत्र, जामिनाचे अर्ज व त्यांसोबतची प्रतिज्ञापत्रे, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय अहवाल, रोजनामा, अंतरिम आदेश व अंतिम निर्णय यांचा त्यात समावेश होतो. ही कागदपत्रे पक्षकारांखेरीज इतरांना पाहता यावीत काय, त्यांची नक्कल कोणाला व कोणत्या अटींवर मिळावी आणि त्यांतील कोणता मजकूर झाकून ठेवावा, हे प्रश्न न्यायदानाच्या इतिहासात तुलनेने उशिरा उपस्थित झाले.

फौजदारी अभिलेख हा दिवाणी अभिलेखाहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. दिवाणी दाव्यात निदान वादी तरी स्वेच्छेने न्यायालयात येतो. फौजदारी खटल्यात आरोपी, पीडित व्यक्ती आणि साक्षीदार या तिघांनाही बव्हंशी राज्यसंस्थेची सत्ता तेथे आणते. त्यांच्या घरातील वस्तू, शरीरावरील जखमा, आजार, नातेसंबंध आणि पैशाचे व्यवहार यांची नोंद त्यांच्या संमतीवाचून केली जाते. उलटपक्षी, नागरिकाचे स्वातंत्र्य व प्रसंगी प्राणही हिरावून घेण्याचा अधिकार राज्यसंस्था याच खटल्यांतून वापरीत असल्यामुळे, तो ती कसा वापरते हे पाहण्याची गरजही येथेच सर्वाधिक असते. अशा रीतीने प्रकटतेची आणि गोपनीयतेची अशी दोन्ही कारणे एकाच कागदावर एकत्र येतात.

या विषयाच्या इतिहासात न्यायदालनाची प्रकटता आणि अभिलेखाची प्रकटता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पहिली जुनी असून तत्त्व म्हणून सर्वमान्य आहे. दुसरी मात्र दीर्घकाळ कोणत्याही तत्त्वाने ठरत नव्हती. ती कागदाच्या स्वाभाविक दुर्गमतेने ठरत होती. खटल्याचे कागद एका गावच्या एका न्यायालयात, एका गठ्ठ्यात बांधलेले असत. ज्याला खरोखर गरज असे तो तेथवर जाई, अर्ज करी, शुल्क भरी आणि नक्कल मिळवी. केवळ कुतूहलापोटी कोणी एवढे सायास करीत नसे. संगणकाच्या प्रसाराबरोबर ही दुर्गमता नाहीशी झाली आणि परिस्थितीने आपोआप साधलेला समतोल नियमांच्या रूपाने मांडण्याची वेळ निरनिराळ्या देशांवर आली.

इंग्लंड : खुल्या न्यायदालनाचे तत्त्व इंग्लिश कॉमन लॉच्या परंपरेत रुजले. स्टार चेंबर हे राजसत्तेच्या कलाने चालणारे न्यायालय १६४१ मध्ये पार्लमेंटने रद्द केले, तेव्हापासून गुप्त न्यायदान व जुलूम यांची सांगड इंग्लिश राजकीय विचारात कायमची बसली. जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) याने या तत्त्वाला तात्त्विक बैठक दिली. त्याच्या मते, खटला उघड चालल्याने साक्षीदारावर जसा वचक राहतो, तसाच न्यायासनावर बसलेल्या न्यायाधीशावरही राहतो. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने स्कॉट विरुद्ध स्कॉट (१९१३) या विवाहविषयक प्रकरणात हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. बंद दालनातील सुनावणीच्या टिपणाच्या प्रती पत्नीने पतीच्या नातेवाइकांना पाठविल्या होत्या व त्याबद्दल तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरण्यात आले होते. लॉर्डांनी तो निष्कर्ष रद्द केला. पाल्ये व मनोरुग्ण यांची प्रकरणे आणि ज्यांत प्रसिद्धीमुळे वादविषयच नष्ट होईल अशी व्यापारी गुपिते, एवढेच अपवाद मान्य करण्यात आले. सुनावणीतील तपशील ऐकणाऱ्यास संकोच वाटण्याजोगा आहे, हे दालन बंद करण्यास पुरेसे कारण नव्हे, असे या निर्णयाने ठरविले.

पुढील काळात अपवादांची भर कायद्यांनी घातली. १९३३ च्या बालक व तरुण व्यक्तीविषयक अधिनियमाने अल्पवयीनांची ओळख प्रसिद्ध करण्यावर निर्बंध आणले. १९७६ च्या लैंगिक अपराधविषयक दुरुस्ती अधिनियमाने बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या नावास संरक्षण दिले. विशेष म्हणजे त्याच अधिनियमाने आरोपीच्या नावासही संरक्षण दिले होते. परंतु १९८८ मध्ये ते काढून घेण्यात आले. आरोपीचे नाव झाकले तर तपासात पुढे येऊ शकणारे इतर साक्षीदार येत नाहीत, हा युक्तिवाद त्या वेळी प्रभावी ठरला. कागदपत्रांचा प्रश्न इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये ऐरणीवर आला. प्रत्यर्पणाच्या एका प्रकरणातील कागद गार्डियन या वृत्तपत्रास नाकारण्यात आले होते. न्यायाधीशापुढे ठेवलेल्या व सुनावणीत उल्लेखिलेल्या कागदांनाही खुल्या न्यायाचे तत्त्व लागू पडते, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. युक्तिवाद लेखी स्वरूपात सादर होऊ लागल्यावर, कागद न पाहता केवळ दालनात बसणाऱ्या श्रोत्यास खटल्याचे आकलन होणे अशक्य झाले होते, ही वस्तुस्थिती या निर्णयाच्या मुळाशी होती.

अमेरिका : अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या दुरुस्तीने (१७९१) आरोपीस जाहीर खटल्याचा हक्क दिला. न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा जनतेचा सर्वसाधारण हक्क निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स (१९७८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. तथापि तो निरपवाद नसून प्रत्येक न्यायालयास आपल्या अभिलेखावर पर्यवेक्षणाचा अधिकार आहे, असेही स्पष्ट केले. त्याआधी कॉक्स ब्रॉडकास्टिंग विरुद्ध कोन (१९७५) या प्रकरणात एक कठीण प्रश्न निर्माण झाला होता. बलात्कार व खून यांना बळी पडलेल्या एका तरुणीचे नाव वार्ताहराने न्यायालयातच पाहावयास मिळालेल्या दोषारोपाच्या कागदांतून घेऊन प्रसारित केले. जॉर्जिया राज्याचा कायदा असे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई करीत असे. सर्वोच्च न्यायालयाने वार्ताहराच्या बाजूने निर्णय दिला. राज्याने स्वतःच खुल्या ठेवलेल्या अभिलेखातील मजकूर छापल्याबद्दल ते वृत्तपत्रास दंड करू शकत नाही. गोपनीयता राखावयाची असेल, तर मुळात तो मजकूर खुल्या कागदांत येणार नाही अशी व्यवस्था राज्याने करावी, असे न्यायालयाचे मत पडले. गोपनीयतेची जबाबदारी छापणाऱ्यावर नसून कागद तयार करणाऱ्यावर आहे, हा विचार पुढील अमेरिकन व्यवस्थेचा पाया ठरला.

कागदाच्या दुर्गमतेला कायदेशीर मूल्य आहे, हे १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले. एखाद्या व्यक्तीच्या अटका व शिक्षा यांच्या नोंदी निरनिराळ्या न्यायालयांत व पोलीस ठाण्यांत विखुरलेल्या असतात; प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे खुली असली, तरी त्या सर्वांचे केंद्रीय संकलन ही वेगळी वस्तू असून ती मागेल त्याला देणे हा खासगीपणावरील आघात ठरतो, असे वार्ताहरांच्या एका समितीने केलेल्या मागणीसंबंधी न्यायालयाने ठरविले.

संघीय न्यायालयांचे अभिलेख दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करणारी ‘पेसर’ ही योजना १९८८ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तीत केवळ नोंदींच्या याद्या होत्या; पुढे प्रत्यक्ष दस्तऐवजही संगणकावर येऊ लागले. तेव्हा संघीय न्यायाधीशांच्या धोरण ठरविणाऱ्या परिषदेने सप्टेंबर २००१ मध्ये दिवाणी व फौजदारी अभिलेखांत भेद केला. दिवाणी कागद दूरस्थ पद्धतीने खुले करण्यात आले. फौजदारी कागद मात्र, ते न्यायालयात जाऊन पाहता येत असले तरी, दूरस्थ उपलब्धतेतून तूर्त वगळण्यात आले. आरोपी तपास यंत्रणेस सहकार्य करीत आहे हे त्याच्या साथीदारांना घरबसल्या समजेल, ही या भेदामागील मुख्य भीती होती. २००२ मध्ये अकरा न्यायालयांत प्रायोगिक तत्त्वावर फौजदारी कागद खुले करण्यात आले व २००३ मध्ये परिषदेने आपले धोरण बदलून सर्वत्र तशी परवानगी दिली. नोव्हेंबर २००४ पासून ती अमलात आली.

या धोरणास पुढे नियमाचे रूप मिळाले. १ डिसेंबर २००७ पासून लागू झालेल्या संघीय फौजदारी प्रक्रिया नियम ४९.१ नुसार दाखल करावयाच्या कागदांत सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे व आर्थिक खात्याच्या क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक, जन्मतारखेपैकी केवळ वर्ष, अल्पवयीनाच्या नावाची केवळ आद्याक्षरे आणि घराच्या पत्त्यापैकी केवळ शहर व राज्य एवढेच देता येते. मजकूर झाकण्याची जबाबदारी न्यायालयाच्या लिपिकावर नसून कागद दाखल करणाऱ्या वकिलावर वा पक्षकारावर असते. अंमलबजावणी न झालेली अधिपत्रे, शिक्षेपूर्वीचा चौकशी अहवाल, ज्युरीची ओळख पटविणारे कागद आणि अल्पवयीनांचे अभिलेख हे परिषदेच्या धोरणानुसार सार्वजनिक अभिलेखात समाविष्ट होतच नाहीत.

तपासास सहकार्य करणाऱ्या आरोपींचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटला नाही. अशा व्यक्तींची नावे गोळा करून प्रसिद्ध करणारे एक संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले. तुरुंगात नव्याने आलेल्या कैद्याकडे सहकैदी त्याच्या खटल्याचे कागद मागतात आणि अभिलेखात एखादा मोहोरबंद कागद असल्याची नोंद दिसली, तर तीच सहकार्याची खूण मानतात, असे आढळून आले. म्हणजे गुप्त ठेवण्याची कृतीच गुपित फोडीत होती. यावर उपाय म्हणून परिषदेच्या एका समितीने २०१६ मध्ये असे सुचविले, की गुन्ह्याच्या कबुलीविषयी होणाऱ्या प्रत्येक करारास, मग आरोपीने सहकार्य केलेले असो वा नसो, एक मोहोरबंद पुरवणी जोडावी. सर्व अभिलेख बाहेरून एकसारखे दिसले, की मोहोरेवरून कोणताच अर्थ काढता येत नाही. ही सूचना सर्व न्यायालयांनी सारख्याच प्रमाणात स्वीकारलेली नाही. ज्या न्यायालयांनी ती नाकारली त्यांनी, एवढ्या व्यापक प्रमाणावर कागद बंद ठेवणे हे खुल्या न्यायाशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला.

भारत : भारतात न्यायदालनाच्या प्रकटतेची तरतूद ब्रिटिश अमदानीपासून आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५२ नुसार चौकशीचे व खटल्याचे स्थान हे खुले न्यायालय मानले गेले; जागेच्या सोयीनुसार कोणासही तेथे प्रवेश असे व न्यायाधीशास तो नाकारण्याचाही अधिकार असे. १९७३ च्या संहितेत हीच तरतूद कलम ३२७ म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६६ म्हणून कायम राहिली.

अभिलेखाबाबत मात्र कायद्याची भूमिका प्रथमपासून सावध होती. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने न्यायालयाच्या कृतींचे अभिलेख सार्वजनिक दस्तऐवजांत गणले, परंतु प्रमाणित नक्कल मिळण्याचा हक्क तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क असणाऱ्यापुरता ठेवला. १९७३ च्या संहितेनुसार दोषारोपपत्र व सोबतचे कागद आरोपीस विनामूल्य द्यावे लागत. निर्णयामुळे बाधित होणाऱ्या व्यक्तीस अभिलेखाची नक्कल मागता येई. इतरांना निर्णयाची वा आदेशाची नक्कल उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार मिळे. थोडक्यात, दालन सर्वांसाठी आणि दप्तर संबंधितांसाठी, अशी विभागणी भारतीय कायद्याने केली.

या विभागणीची पहिली मोठी कसोटी मुंबईत लागली. मुंबई उच्च न्यायालयात ब्लिट्झ या साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा चालू असताना, एका साक्षीदाराने आपली साक्ष प्रसिद्ध झाल्यास धंद्याचे नुकसान होईल, अशी तक्रार केली. न्या. वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश दिला. दालन खुले, पण वृत्तांत बंद, असा हा तिसराच प्रकार होता. वार्ताहरांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ३ मार्च १९६६ रोजी निर्णय दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय लिहिताना खुल्या न्यायाचे महत्त्व प्रतिपादिले. परंतु न्यायदान हे अंतिम उद्दिष्ट असून प्रकटता हे त्याचे साधन असल्याने, आवश्यक तेथे तीवर मर्यादा घालण्याचा उच्च न्यायालयास अंगभूत अधिकार आहे, असे ठरविले. न्या. हिदायतुल्ला यांनी एकट्यानेच भिन्नमत नोंदविले. हे प्रकरण दिवाणी दाव्यातून उद्‌भवले असले, तरी त्यातील तत्त्व फौजदारी न्यायालयांच्या संदर्भातही आधारभूत मानले जाते.

पीडितेच्या नावाचा प्रश्नही महाराष्ट्रातील एका खटल्यातूनच पुढे आला. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली जिल्हा) देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांवर खटला भरण्यात आला. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयाने ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधी-अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्राने देशभर चळवळ उभी राहिली. तिची परिणती १९८३ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात झाली. भारतीय दंड संहितेत कलम २२८ अ समाविष्ट होऊन पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध ठरला आणि बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दालनात घेणे बंधनकारक झाले. मात्र ज्या मुलीच्या खटल्यामुळे हे संरक्षण अस्तित्वात आले, तिला स्वतःला ते लाभले नाही. विधिविषयक नियतकालिके, पाठ्यपुस्तके व वृत्तपत्रे यांतून तो खटला तिच्याच नावाने ओळखला गेला.

कलम २२८ अ मध्ये एक महत्त्वाची फट राहिली. उच्च न्यायालयाचा वा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय छापणे हा अपराध ठरणार नाही, असे स्पष्टीकरण त्यात होते. परिणामी वृत्तपत्राने नाव छापले तर शिक्षा, पण तेच नाव निर्णयात असल्यास ते निर्णयसंग्रहांतून छापण्यास आडकाठी नाही, अशी विसंगती निर्माण झाली. पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग (१९९६) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालयांनीच आपल्या आदेशांत पीडितेचे नाव शक्यतो टाळावे, असे सांगितले. पुढे अनेक निर्णयांत तिचा उल्लेख केवळ ‘पीडिता’ असा किंवा अक्षराने होऊ लागला. निपुण सक्सेना विरुद्ध भारत सरकार (११ डिसेंबर २०१८) या निर्णयाने हा संरक्षणविचार अभिलेखापर्यंत नेला. अशा गुन्ह्यांचे प्रथम खबरी अहवाल सार्वजनिक करू नयेत. पोलिसांनी पीडितेचे नाव असलेले कागद मोहोरबंद पाकिटात ठेवावेत व लोकांच्या पाहण्यात येऊ शकणाऱ्या अभिलेखात त्यांऐवजी नाव वगळलेल्या तशाच प्रती ठेवाव्यात, असे त्याने ठरविले. कॉक्स प्रकरणात अमेरिकन न्यायालयाने सुचविलेला मार्ग, म्हणजे मुळातच नाव खुल्या कागदांत येऊ न देणे, भारतात वेगळ्या वाटेने व चार दशकांनंतर स्वीकारला गेला. बालकांच्या बाबतीत हे संरक्षण आधीच अधिक व्यापक होते. १९६० च्या बालक अधिनियमाने प्रसिद्धीस मनाई केली होती. २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा अधिनियम आणि २०१५ चा बाल न्याय अधिनियम यांनी ती दृढ केली. आरोपी असलेल्या बालकाच्या दोषसिद्धीचे अभिलेख अपिलाची मुदत संपल्यावर, काही गंभीर गुन्ह्यांचा अपवाद वगळता, नष्ट करण्याची तरतूदही २०१५ च्या अधिनियमात आहे.

साक्षीदारांच्या बाबतीत कायद्याची वाटचाल दहशतवादविरोधी कायद्यांपासून सुरू झाली. १९८७ च्या टाडा कायद्यातील साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वैध ठरविली. सर्वसाधारण खटल्यांसाठी साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये न्यायालयाच्या मान्यतेने लागू झाली. गोपनीयतेचा लाभ राज्यसंस्थाही घेऊ शकते, हे या संदर्भात लक्षात ठेवणे इष्ट ठरते. जामिनास विरोध करताना तपास यंत्रणांनी आरोपीस न दाखविता मोहोरबंद पाकिटात कागद सादर करण्याची प्रथा वाढली, तेव्हा पी. चिदंबरम विरुद्ध अंमलबजावणी संचालनालय (२०१९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, अशा कागदांवरून निष्कर्ष नोंदवून जामीन नाकारणे हे न्याय्य खटल्याच्या कल्पनेशी विसंगत आहे, असे म्हटले. व्यक्तीची ओळख झाकणे आणि पुराव्याचा आशय आरोपीपासूनच झाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आरोपीची स्थिती या सर्वांत अनिश्चित राहिली. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९९४) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य करतानाच, न्यायालयीन अभिलेखासह सार्वजनिक अभिलेखावर आधारलेल्या प्रसिद्धीस तो हक्क आड येत नाही, असा नियम घालून दिला. त्यास अपवाद केला तो लैंगिक अत्याचार, अपहरण यांसारख्या गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्रियांचा. निर्दोष सुटलेल्या आरोपीचा त्यात समावेश नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

दरम्यान संगणकीकरणाने परिस्थिती पालटली होती. ई-न्यायालय प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला व राष्ट्रीय न्यायिक माहिती जाल २०१५ मध्ये कार्यान्वित झाले. पक्षकाराचे नाव टंकलिखित करताच प्रकरणाची स्थिती व आदेश दिसू लागले. यूथ बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निर्णयाने, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. आपल्याविरुद्ध काय आरोप आहे हे आरोपीस वेळीच कळावे व त्यास दाद मागता यावी, हा त्यामागील हेतू होता. हाच आदेश दोषारोपपत्रांनाही लावावा, ही मागणी मात्र सौरव दास विरुद्ध भारत सरकार (२० जानेवारी २०२३) या निर्णयाने फेटाळण्यात आली. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नसून ते सर्वांसाठी खुले करणे संहितेच्या योजनेशी विसंगत आहे व त्यामुळे आरोपी, पीडित आणि तपास यंत्रणा या तिघांच्याही हक्कांना बाध येऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यापूर्वी २०२० मध्ये, न्यायालयीन कागदांच्या नकला माहितीच्या अधिकाराखाली नव्हे, तर उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्या लागतील, असेही ठरले होते. यातून एक चमत्कारिक स्थिती उद्‌भवली. खटल्याच्या प्रारंभीचा, केवळ एका बाजूने सांगितलेला आणि अद्याप न तपासलेला आरोप संकेतस्थळावर सहज मिळतो. तपासाअंती तयार झालेले व न्यायालयात कसोटीस लागणारे कागद मात्र मिळत नाहीत.

निर्दोष सुटलेल्या व्यक्तींनी याविरुद्ध उच्च न्यायालयांकडे दाद मागण्यास प्रारंभ केला. नोकरी, विवाह व परदेशगमन अशा प्रसंगी निर्णयातील आपले नाव शोधयंत्रावर दिसते व निर्दोष ठरल्याचा अखेरचा परिच्छेद कोणी वाचत नाही, ही त्यांची तक्रार होती. न्यायालयांची उत्तरे परस्परांशी जुळणारी नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमली पदार्थविषयक खटल्यातून सुटलेल्या एका व्यक्तीस अंतरिम दिलासा देऊन तो निर्णय शोधयंत्रांतून दिसेनासा करण्यास सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्याच वर्षी, विशिष्ट कायद्याअभावी नाव वगळता येत नाही, असे ठरविले. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, चालू वा नुकत्याच संपलेल्या कार्यवाहीत असा हक्क सांगता येत नाही, अशी भूमिका घेतली. मद्रास येथील प्रकरणात २०२४ मध्ये खंडपीठाने नाव झाकण्याचा आदेश दिला; परंतु जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात न्यायालयांनी न्यायिक कामासाठी केलेल्या माहितीच्या वापरास अनेक बंधनांतून सूट देण्यात आली असल्याने, या प्रश्नाचे उत्तर त्यातून सरळ मिळत नाही.

मूल्यमापन : उपर्युक्त इतिहासावरून असे दिसते, की समतोलाचा प्रश्न ‘खुले की बंद’ अशा एकेरी स्वरूपात क्वचितच सुटला आहे. जेथे तो समाधानकारक रीत्या सुटला, तेथे कार्यवाहीचा आशय खुला ठेवून व्यक्तीची ओळख तेवढी वेगळी करण्यात आली. आद्याक्षरांचा वापर, नाव वगळलेली जोड-प्रत आणि सर्व अभिलेखांस सारखीच मोहोरबंद पुरवणी ही त्याची उदाहरणे होत. मात्र या पद्धतीसही मर्यादा आहेत. आरोपी सत्तास्थानी असेल, किंवा पोलीस कोठडीतील अत्याचाराबद्दल अधिकाऱ्यावर खटला असेल, तर नाव हाच कार्यवाहीच्या आशयाचा भाग ठरतो व ते झाकल्यास प्रकटतेचे मूळ प्रयोजनच नष्ट होते. देसाईगंजच्या खटल्याची छाननी देशाला करता आली, ती निर्णय प्रसिद्ध झाला होता म्हणूनच; त्या छाननीसाठी मुलीच्या नावाची मात्र गरज नव्हती.

पीडित स्त्रिया व बालके यांच्या बाबतीत भारतीय कायद्याने हा भेद १९६० पासून टप्प्याटप्प्याने मान्य केला. साक्षीदारांच्या बाबतीत तो अंशतः मान्य झाला. निर्दोष ठरलेल्या आरोपीच्या बाबतीत मात्र सर्व देशाला लागू पडेल असा नियम २०२४ पर्यंत कायद्याने वा सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाने घालून दिलेला नव्हता. कागदाच्या जमान्यात त्याचे नाव अभिलेख-कक्षातील गठ्ठ्यात काळाच्या ओघात विस्मृतीत जात असे. ती विस्मृती कोणी हक्क म्हणून दिलेली नव्हती, त्यामुळे ती नाहीशी झाली तेव्हा तिच्यावर दावा सांगण्यास त्याच्यापाशी कायद्याचा स्पष्ट आधार उरला नाही.